सुट्टीचे गाव निवडताना आधी तिथली रात्र पाहावी

परभणीत मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, याचे इथे कोणाला नवल वाटत नाही. दुपार आम्ही निभावून नेतो. दारे-खिडक्या लावून घ्यायच्या, वाळ्याचे पडदे भिजवायचे, बाहेरची कामे सकाळी नऊच्या आत उरकायची, ही रीत आमच्या आज्या-पणज्यांपासून चालत आली आहे आणि ती आजही उपयोगी पडते. निभत नाही ती रात्र. पूर्वी पांढऱ्या मातीचे माळवद असे, संध्याकाळी त्यावर पाणी शिंपडून अंथरुणे घातली की मध्यरात्रीनंतर गोधडी ओढून घ्यावी लागे. आता डोक्यावर सिमेंटचा स्लॅब आहे. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते खोलीत सोडत राहतो. कूलर लावावा तर त्याला पाणी लागते, आणि नळाला पाणी येते ते आठवड्याआड. वीज गेली तर सगळे घर अंगणात येऊन बसते. पंधरा-वीस दिवस अशी अर्धवट झोप झाली की मुले चिडचिडी होतात, म्हाताऱ्या माणसांचा रक्तदाब वर-खाली होतो आणि घरात विनाकारण शब्दाला शब्द लागतो.

म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत थंड हवेच्या गावी जाण्याचा बेत मी करते तेव्हा तिथे पाहण्यासारखे काय आहे, हा प्रश्न माझ्यासाठी दुसऱ्या क्रमांकावर असतो. पहिला प्रश्न असा की तिथे पंख्याशिवाय झोप लागेल का, आणि त्या झोपेपर्यंत पोहोचताना घरातले सर्वांत थकलेले माणूस उन्हात किती तास भाजून निघेल. या दोन गोष्टींचा विचार न करता केवळ नावाजलेले ठिकाण म्हणून निघालेली कुटुंबे परत येतात ती अधिकच दमून, हे मी आमच्या गल्लीत अनेकदा पाहिले आहे.

यंदा आम्ही सात जण जाणार आहोत. सासूबाई सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांचे गुडघे दुखतात आणि रक्तदाबाची गोळी रोजची आहे. माझे यजमान, आमची दोन मुले, माझ्या जाऊबाई, त्यांची शाळेत जाणारी मुलगी आणि मी. दीर येऊ शकणार नाहीत, कारण गावाकडे जनावरे आहेत आणि मे महिन्यात शेताची नांगरट झाली की मोगडणी, वखरणी आणि बियाण्याची जुळवाजुळव सुरू होते. जाऊबाईंनाही मृगाच्या बऱ्याच आधी घरी असणे भाग आहे. मुलांचा निकाल १ मे रोजी लागतो, आणि महिना अर्धा उलटला की लग्नांच्या पत्रिका घरात येऊन पडू लागतात, म्हणजे आमच्या हाती उरतो तो मेचा पहिला पंधरवडा. शेतीशी बांधलेल्या घरात सुट्टीची तारीख अशीच ठरते, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

आता ठिकाणाकडे वळते. उंचीचा हिशेब प्रत्येकाने एकदा करून पाहावा असा आहे. समुद्रसपाटीपासून जसजसे वर जावे तसतसे तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. परभणी जेमतेम साडेतीनशे मीटरवर आहे. सुमारे ११०० मीटर उंचीच्या गावी गेलो तर फरक पडेल तो पाच अंशांचा, म्हणजे इथे ४२ असताना तिथे दुपारी ३६-३७ असणार. महाराष्ट्रात मे महिन्याच्या दुपारी शाल पांघरायला लावणारे गाव शोधू नये, ते मिळणार नाही. खरा फरक पडतो तो सूर्य मावळल्यावर. आजूबाजूला जंगल, तापून राहणाऱ्या सिमेंटचा पसारा कमी आणि उघड्या पठारावरून येणारा वारा, यांमुळे डोंगरमाथ्यावरचे गाव संध्याकाळनंतर लवकर निवते. आम्ही जातो ते त्या आठ-नऊ तासांसाठी.

या कसोटीवर महाबळेश्वर निःसंशय पहिले येते. त्याची उंची सुमारे १३५० मीटर आहे, पश्चिमेचा वारा थेट लागतो, आणि जुन्या महाबळेश्वराच्या देवळात कृष्णेचा उगम पाहायला मिळतो, हे सासूबाईंच्या दृष्टीने मोठेच आकर्षण आहे. परंतु परभणीहून ते अंतर चारशे किलोमीटरहून बरेच जास्त आहे, बीडपासून पुढे दिवसभराचा उघडा, तापलेला रस्ता आहे, आणि मेच्या सुट्टीत पसरणीच्या घाटात गाड्यांची रांग लागली की शेवटचे काही किलोमीटर सर्वांत जड जातात. स्ट्रॉबेरीचा बहरही तोवर सरत आलेला असतो. धाराशिव किंवा लातूरकडच्या कुटुंबाने महाबळेश्वरचा विचार अवश्य करावा. त्यांना ते आमच्यापेक्षा पुष्कळ जवळ आहे.

माथेरानचा विचार मी मनापासून केला, कारण त्याचा प्रवास रात्रीचा होऊ शकतो. देवगिरी एक्स्प्रेसने रात्री निघायचे, सकाळी कल्याणला उतरायचे, तिथून लोकलने नेरळ आणि नेरळहून १९०७ साली सुरू झालेली छोटी गाडी. मोटारींना गावात बंदी असल्यामुळे मुलांना रस्त्यावर मोकळे सोडता येते, लाल मातीच्या वाटांवर दिवसभर झाडांची सावली असते. अडचण दोन गोष्टींची आहे. माथेरानची उंची सुमारे ८०० मीटर आहे आणि समुद्र जवळ असल्याने मे महिन्यात हवेत दमटपणा असतो. मराठवाड्यातल्या माणसाला कोरडे ऊन सोसते, पण अंगाला चिकटणारी रात्र सोसत नाही. शिवाय छोट्या गाडीची तिकिटे मिळाली नाहीत तर मोटारी जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यापासून पुढे बहुधा चालणे किंवा घोडा, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना ती परीक्षा मला घ्यायची नाही. तरुण जोडप्याने मात्र माथेरानच निवडावे, असे मी सांगेन.

म्हैसमाळ आपले घरचे. वेरूळ-खुलताबादच्या माथ्यावर, सुमारे हजार मीटर उंचीवर, गिरिजादेवीचे देऊळ आणि मोकळे पठार. छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला तास-दीड तासात तिथली संध्याकाळ गाठता येते, आणि ती खरोखर सुंदर असते. पण राहण्याची सोय मोजकीच आहे, आणि सात जणांनी चार-पाच रात्री तिथे काढाव्यात असे गाव म्हणून ते अजून वसलेले नाही. त्याचे खरे सौंदर्यही पावसाळ्यात. सातपुड्यातले तोरणमाळ आम्हाला फारच लांब पडते.

म्हणून चिखलदरा. अमरावती जिल्ह्यातले हे गाव सुमारे ११०० मीटर उंचीवर, मेळघाटच्या जंगलाच्या कडेला आहे. परभणीहून हिंगोली, वाशीम, अकोला, परतवाडा असा रस्ता आहे आणि अंतर तीनशेहून अधिक किलोमीटर असले तरी ते एका रात्री-पहाटेत कापता येते. दुपारी तिथे गारवा मिळेल अशी माझी अपेक्षा नाही. वर केलेला पाच अंशांचा हिशेब चिखलदऱ्यालाच लागू आहे. पण रात्र कोरडी आणि वाऱ्याची असते, महाबळेश्वरच्या मानाने गर्दी कमी असते, आणि गाडी थेट खोलीच्या दारापर्यंत जाते. आमच्या कुटुंबाला हवे ते एवढेच आहे.

या बेतात सर्वांत अवघड जागा आहे ती अकोला. मे महिन्यात अकोल्याचा पारा परभणीच्याही वर, काही दिवशी ४५च्या पलीकडे जातो, आणि थंड हवेच्या गावी जाताना वाटेत राज्यातल्या अतिशय तापलेल्या मैदानातून जावे लागते. सकाळी आरामात चहा-पोहे करून आठला निघणारे कुटुंब ऐन दुपारी बाराच्या सुमारास तिथे असते. गाडीत वातानुकूलन असले तरी लहान मुले वारंवार उतरतात, म्हाताऱ्या माणसांना पाय मोकळे करायला उतरावेच लागते, आणि त्या थंड-गरम, थंड-गरम होण्यानेच माणसे आजारी पडतात. म्हणून आम्ही पहाटे अडीचला निघायचे ठरवले आहे. वाशीमच्या आसपास उजाडेल, ऊन चढण्याआधी अकोला मागे पडेल, परतवाड्यात चहा घेऊन गाडीत इंधन भरून घेता येईल आणि साडेदहा-अकरापर्यंत घाट चढून होईल. परतवाड्याहून वर जायला धामणगाव गढीवरून एक आणि घटांगवरून दुसरा असे रस्ते आहेत. त्यातला सध्या कोणता चांगल्या स्थितीत आहे, हे परतवाड्यातच विचारावे, कारण घाटाच्या रस्त्याची खबर शंभर किलोमीटरवरून नीट कळत नाही.

गाडी भाड्याची असेल तर चालकाच्या झोपेची जबाबदारी आपली आहे, हे मला फार कळकळीने सांगावेसे वाटते. पहाटे अडीचला निघायचे म्हणजे त्याने आदल्या संध्याकाळी सातला जेवून झोपायला हवे. आदल्या दिवशी त्याला लग्नाचे भाडे मारायला लागू नये म्हणून त्या दिवसाचे पैसे आम्ही वेगळे देणार आहोत. वर पोहोचल्यावर त्याने गाडीतच रात्र काढायची, ही पद्धत मला मान्य नाही. त्याच्यासाठी लॉजवर एक खाट आम्ही आधीच सांगून ठेवली आहे. सात जिवांना घाटातून खाली आणणारा माणूस नीट झोपलेला असलाच पाहिजे.

ज्यांचे कुटुंब लहान आहे त्यांनी रेल्वेने अकोल्यापर्यंत आणि पुढे एसटीने परतवाडामार्गे जाण्याचा विचार करावा. रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते, म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यासाठी मार्चच्या पहिल्या आठवड्यातच जागे व्हावे लागते. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. आमच्यासारख्या बायकांनी भरलेल्या घराला ही सवलत लहान नाही, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे दोनदा गाडी बदलण्याची भीती नसती तर मी हाच मार्ग घेतला असता.

खोली ठरवताना मी पर्यटन महामंडळाच्या निवासाचीही चौकशी केली आणि काही खाजगी लॉजना फोन केले. प्रत्येकाला विचारलेले प्रश्न तेच होते. खोली सर्वांत वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली किंवा पत्र्याखाली आहे का? खिडक्या समोरासमोर आहेत का, आणि त्यांना जाळी आहे का? खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत? पाश्चात्त्य पद्धतीचे शौचालय आहे का? आम्ही अकरालाच पोहोचलो तर निदान एक खोली लगेच मिळेल का, म्हणजे सासूबाईंना पाठ टेकता येईल? एका ठिकाणी मला धबधब्यासमोरची खोली जास्त भाड्याने देऊ केली गेली. मे महिन्यात तिथे कडा असेल, धबधबा नसेल. भीमकुंडाचे पाणी पाहायचे तर जुलै-ऑगस्टमध्ये जावे. आम्ही तळमजल्यावरच्या, झाडाच्या सावलीतल्या, साध्या दोन मोठ्या खोल्या आणि चालकासाठी खाट अशी सोय पक्की केली. वातानुकूलन नको म्हणून सांगितले. खिडकी उघडी टाकून झोपायलाच आम्ही निघालो आहोत.

आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न पाण्याचा. थंड हवेच्या गावांत पाऊस पुष्कळ पडतो, त्यामुळे तिथे पाण्याचे दुर्भिक्ष्य नसेल असे सपाटीवरच्या माणसाला वाटते. पण डोंगरमाथ्यावरचे पाणी थांबत नाही, ते दऱ्यांतून खाली निघून जाते, आणि मे महिन्यात जेव्हा पाहुणे सर्वाधिक असतात तेव्हाच तिथले तलाव तळाला गेलेले असतात. मेळघाटातल्या काही पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. आम्ही मराठवाड्याची माणसे आहोत. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते, आणि ती गाडी लातूरला पोहोचली तेव्हा आमच्या घरातही लोक टीव्हीसमोर उभे राहून पाहत होते. ज्यांनी ते दिवस काढले त्यांनी दुसऱ्याच्या गावी जाऊन शॉवरखाली अर्धा तास उभे राहू नये. म्हणून लॉजच्या मालकांना मी विचारले की पाणी कुठून येते, रोज किती वेळ असते आणि टँकर मागवावा लागतो का. ज्यांनी सरळ उत्तर दिले की सकाळी दोन तास येते, बादलीने वापरा, त्यांच्याकडेच आम्ही उतरणार आहोत. मुलांनाही आधीच सांगून ठेवले आहे की आंघोळ बादलीने होईल, आणि त्यांनी ते बिनतक्रार मान्य केले आहे, कारण घरीही ती तशीच होते.

दिवसाचा क्रम मी मुद्दाम मोकळा ठेवला आहे. पाच रात्री एकाच गावी, त्याच खोल्यांत राहायचे, वाटेत दुसरे काही जोडायचे नाही. पॉइंटांची यादी घेऊन सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत गाडी फिरवायची, आणि मग जेवताना मुलांना पेंग यावी, असे प्रवास मला पटत नाहीत. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते साडेसात, एवढेच बाहेरचे तास. मधल्या वेळेत जेवण, झोप, पत्ते आणि पुस्तके. मेळघाटात मोबाईलला रेंज जेमतेम असते, त्याचा आम्हाला लाभच होईल.

एक सकाळ चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडासाठी राखली आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला नागपूरकर भोसल्यांकडून घेतला, हे मुलांना पुस्तकात मिळते. पण मला त्यांना सांगायचे आहे ते त्याच्या आधीचे. वऱ्हाडच्या इमादशाहीचा हा बळकट किल्ला, आणि आमच्या जिल्ह्यातली पाथरी सोळाव्या शतकाच्या आरंभी याच इमादशाहीच्या ताब्यात होती. पाथरीवरूनच अहमदनगरच्या निजामशाहीशी इमादशाहीचे युद्ध पेटले. परभणीच्या मुलांनी गाविलगडाच्या दरवाजात उभे राहून पाथरीचे नाव ऐकावे, म्हणजे इतिहास दुसऱ्या कोणाचा तरी असतो हा समज जाईल. किल्ला मोठा आहे, सावली कमी आहे, म्हणून नऊच्या आत परतायचे. सासूबाई त्या सकाळी खोलीच्या ओसरीवर बसतील आणि जाऊबाई त्यांच्यासोबत थांबतील, असे दोघींनीच ठरवले आहे.

एक सकाळ जंगलासाठी. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, १९७३-७४ सालचा. पण डोंगराळ आणि विस्तीर्ण असल्याने इथे वाघ सहज दिसत नाही, हे मी मुलांना आताच सांगून ठेवले आहे. मे महिन्यात सागाची पाने गळालेली असतात, पाणवठे थोडे उरतात, त्यामुळे रानगवा, सांबर, कधी अस्वल दिसण्याची आशा असते. वाघ दिसला नाही म्हणून रुसणारे मूल जंगलात काहीच पाहत नाही. वाटेतल्या गावांत कोरकू लोक राहतात, त्यांची भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नसून मुंडा कुळातली आहे, आणि मुलांनी ती कानांनी ऐकावी अशी माझी इच्छा आहे. मात्र त्यांच्या अंगणात शिरून, न विचारता फोटो काढायचे नाहीत, ही ताकीद मोठ्यांनाही आहे.

संध्याकाळी पंचबोल किंवा देवी पॉइंट. पंचबोलला हाक मारली की दऱ्यांतून प्रतिध्वनी उमटतो, त्यामुळे मुलांना तिथून उठवणे कठीण जाईल. चिखलदऱ्याच्या परिसरात कॉफीही पिकते, तिची झाडे पाहायची आहेत. मेच्या दुपारनंतर वीज-वादळाचा धोका असतो, आणि विजेने माणसे दगावतात ते मराठवाड्याइतके कोणाला ठाऊक असणार? ढग जमले की उघड्या कड्यावर किंवा एकट्या झाडाखाली थांबायचे नाही, सरळ गाडीत येऊन बसायचे. यजमानांच्या मोबाईलवर पुण्याच्या हवामान संस्थेचे, विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ ॲप आधीच घेऊन ठेवले आहे. रेंज नसेल तिथे मात्र आपल्या डोळ्यांवरच विसंबावे लागेल.

शिदोरीत पहिल्या दिवसासाठी धपाटे, दुधातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. दह्याऐवजी कैरीचे पन्हे, कारण दही पहाटेच्या प्रवासातही आंबते. ज्वारीचे पीठ सोबत नेणार आहोत. लॉजच्या स्वयंपाकघरात भाकरी करून देतो म्हणाले आहेत, आणि सासूबाईंना रात्री भाकरीशिवाय जेवण झाल्यासारखे वाटत नाही. त्यांच्या गोळ्या दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवणार, म्हणजे एक पिशवी राहिली तरी अडचण येऊ नये.

परतीच्या प्रवासावर घरात थोडी चर्चा झाली. दुपारी जेवून निघावे, असे यजमानांचे म्हणणे होते, पण मग घाट उतरताच अकोल्याचे ऊन समोर येते. आणि संध्याकाळी निघावे तर जंगलातला घाट अंधारात उतरावा लागतो. म्हणून परततानाही उजाडता-उजाडता निघायचे, आठ-साडेआठला अकोला ओलांडायचे आणि बारा-साडेबारापर्यंत घर गाठायचे, असे ठरले. सासूबाईंची इच्छा वाटेत औंढा नागनाथाचे दर्शन घेण्याची होती. पण तिथे पोहोचायला अकरा वाजून जातील, देवळाच्या आवारातल्या फरशा तोवर पाय ठेवू देणार नाहीत, आणि गर्भगृह खाली असल्याने चढ-उतार आहे. मी त्यांना म्हटले, ‘आई, औंढ्याला आपण श्रावणात जाऊ, सोमवार सोडून, पहाटेच्या वेळी.’ त्यांनी थोडा विचार केला आणि श्रावणातला तो दिवस कोणता, हे आत्ताच पंचांगात पाहून ठेवायला सांगितले.